वेळेला गाव कशाला?

आईवडील सोडले तर माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार चिटणिसांचे आहेत. चिटणीस हे त्यांचं आडनाव नव्हे. नारायण पेठेतल्या एका श्रोते मंडळाचे ते चिटणीस होते, आणि दुसऱ्या कुठल्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. त्यांच्या घरी फोन केला की त्यांच्या मिसेससुद्धा सांगायच्या, "चिटणीस बाहेर गेलेत. निरोप असेल तर थोडक्यात सांगा."

मी करमाळ्याहून आलेला. व्याख्यानमाला ठाऊक होती, भजनी मंडळ ठाऊक होतं, पण श्रोते मंडळ हा प्रकार माझ्यासाठी नवा होता. पहिल्याच भेटीत मी तसं बोलून गेलो.

"पुण्यात वक्ते उदंड आहेत," चिटणीस म्हणाले. "कुठल्याही पारावर उभं राहून हाक मारा, चार येतील. तुटवडा आहे तो श्रोत्यांचा. आम्ही श्रोते तयार करतो. समोर कुणीतरी बोलावं लागतं, म्हणून वक्ता बोलावतो."

हे ते विनोदानं म्हणत नसत. मंडळाच्या पत्रिकेवर श्रोत्यांना आग्रहाचं निमंत्रण मोठ्या टायपात असे आणि वक्त्याचं नाव तळाशी, जिथं मुद्रकाचं नाव असतं त्याच्या जरासं वर.

उमेदीत ते टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडायचे. इकडची वायर तिकडे लावून द्यायची आणि कान बाजूला करायचे. ऐकायला सक्त मनाई. "अख्खी नोकरी लोकांची बोलणी जोडण्यात गेली. कोण रडतंय, कोण हसतंय, एवढं कळायचं आणि मग कान काढून घ्यायचा. रिटायर झालो आणि ठरवलं, आता पोटभर ऐकायचं." त्या नोकरीनं त्यांच्यात आणखी एक गोष्ट पक्की करून ठेवली होती. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे. "माणसाला जे सांगायचं असतं ते तीन मिनिटांत सांगून होतं," असं त्यांचं मत होतं. "पुढचं सगळं पॅकिंग."

मंडळाचा कार्यक्रम शनिवारी, शाळेच्या सभागृहात. घोषित वेळ झाली की चिटणीस स्वतः उठून दार लावत. एकदा खुद्द प्रमुख पाहुणेच बाहेर राहिले. चिटणिसांना काचेतून ते दिसत होते, त्यांनाही चिटणीस दिसत होते. पाहुण्यांनी हात केला, चिटणिसांनी उलट नमस्कार केला आणि जागेवर येऊन बसले. पाहुण्यांनी शेवटी पायरीवर रुमाल अंथरून अख्खं व्याख्यान खिडकीतून ऐकलं. नंतर चिटणिसांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "आपण उत्तम श्रोते आहात. वर्गणी कधी भरताय?"

माझी आणि त्यांची गाठ पडली ती कॅलेंडरमुळे. आमचं ऑफिस बिबवेवाडीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. कीबोर्ड झटकला की ज्वारी निघायची. मालकीणबाई, ज्यांना आम्ही मॅडम म्हणायचो, संस्थांच्या वेबसाइट करून द्यायच्या. कार्यक्रमांचं कॅलेंडर वेबसाइटवर लावायचं तर ते कुणी पहिल्यापासून लिहीत बसत नाही. तयार मिळतं, त्याला प्लगइन म्हणतात. तयार शर्ट आणून उसवावा आणि गिऱ्हाइकाच्या अंगाबरोबर करून द्यावा, तसं ते काम. माझ्याआधी दोन जणांनी चिटणिसांच्या अंगाचं माप घ्यायचा प्रयत्न केला होता. एकानं काम सोडलं, दुसऱ्यानं पुणंच सोडलं. मग मॅडमनी मला बोलावलं. मी नवा होतो, अजून कायम झालो नव्हतो.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "मी तुला खोटं सांगणार नाही. नवीन मुलाला कायम ठेवण्याएवढं काम अजून माझ्याकडे नाहीये. मंडळाच्या सभासदांनी कॅलेंडर मान्य केलं, तर तू पर्मनंट. नाही केलं तर माझा इलाज नाही."

घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आई दर रविवारी फोनवर विचारायची, "झाला का रं कायम?" शेजारच्या चार बायका फोनला कान लावून असायच्या हे मला इकडे कळायचं. मी म्हणायचो, "होतंय, होतंय." एवढ्या तयारीनिशी मी स्वारगेटला बस बदलून नारायण पेठेत गेलो.

"या इंजिनिअर," चिटणीस म्हणाले.

"सर, मी इंजिनिअर नाही. बीएस्सी झालोय. कॉम्प्युटर."

"मग उपयोगाचे असाल. बसा."

लॅपटॉप उघडून मी कॅलेंडर दाखवलं. त्यावर प्रत्येक कार्यक्रमाखाली एक बटण होतं. मी त्याचं मराठी करून 'इच्छुक' असं लिहिलं होतं.

"इच्छुक?" चिटणिसांनी चष्मा वर सरकवला. "आपण व्याख्यान ठेवलंय की वधूवर मेळावा?"

"म्हणजे सर, किती लोक येणार याचा अंदाज येतो."

"येणाऱ्यानं यावं, कळवायचं कशाला? न येणाऱ्यानं कळवावं. सकारण."

मी ते बटण काढलं आणि दुसरं केलं: 'येणार नाही'. त्याखाली कारण लिहायला चौकट. कॅलेंडर चाचणीसाठी चालू केलेलं होतंच. सभासदांनी ते बटण पहिल्याच आठवड्यात इतकं मनावर घेतलं की मी थक्क झालो. एकानं लिहिलं, 'मागच्या खेपेचा चहा.' दुसऱ्यानं, 'वक्त्यांना ओळखतो.' एका आजींनी लिहिलं होतं, 'येणार आहे, पण बटण चांगलं दिसलं.' चिटणीस ही कारणं शांतपणे वाचायचे आणि म्हणायचे, "बघा. मन मोकळं करायला माणसाला जागा लागते."

मग त्यांचं लक्ष गेलं ते कार्यक्रमांच्या क्रमाकडे. जगातलं कुठलंही कॅलेंडर पुढचे कार्यक्रम आधी दाखवतं. चिटणिसांना झालेले कार्यक्रम आधी हवे होते.

"सर, लोक पुढचा कार्यक्रम बघायला येतात ना वेबसाइटवर?"

"पुढचा कार्यक्रम ही अफवा असते, इंजिनिअर. वक्ता आजारी पडतो, वीज जाते, शाळेत परीक्षा निघते. झालेला कार्यक्रम तेवढा खरा. खरं वर घ्या, अफवा खाली."

खरं वर घेतलं. मग त्यांना प्रत्येक झालेल्या कार्यक्रमाखाली दोन वेळा हव्या झाल्या: घोषित आणि प्रत्यक्ष. मंडळाच्या सगळ्या कार्यक्रमांत या दोन्ही वेळा एकच होत्या. मी म्हटलं, एकच आहेत तर दोनदा कशाला? ते म्हणाले, "इतर संस्थांना बघू द्या." 'शेअर करा' हे बटण त्यांनी वाचलंसुद्धा नाही, नुसती मान हलवली.

मला राग यायचा, नाही असं नाही. पण प्रत्येक वेळी घरी जाताना बसमध्ये वाटायचं, हा माणूस म्हणतोय त्यात काही तरी आहे. शिवाय मी बोलत असताना ते मला कधी तोडायचे नाहीत. वाक्य संपल्यावरही जरा थांबायचे, आणखी काही शिल्लक आहे का ते बघायला. मला त्याची सवय नव्हती. ऑफिसात मी कमीच बोलायचो. तोंडातून 'हाय' निघून जाईल अशी भीती असायची, आणि एकदा ते निघालं तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं उलट 'हॅलो' म्हटलं होतं.

मान्यतेची सभा शनिवारी होती. आधी व्याख्यान, जुन्या पुण्यातले पाण्याचे हौद या विषयावर, संध्याकाळी साडेसहाला. त्यानंतर सभासद कॅलेंडर बघणार आणि हात वर करणार. आदल्या दिवशी मी शेवटची उजळणी करायला गेलो. सगळं झालं. मी लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात चिटणीस म्हणाले, "थांबा. हे काय?"

वेळेच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: आशिया, कलकत्ता.

"सर, ते असंच येतं. वेळेचं गाव आहे ते."

"वेळेला गाव कशाला? आणि हवंच असेल तर कलकत्ता कशाला? कार्यक्रम नारायण पेठेत आहे."

"यादीत पुणे नाहीये सर."

हे ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला. जखम खोल होती. मग म्हणाले, "काढा."

"नुसतं लपवू का सर? आतमध्ये राहील, दिसणार नाही."

"मंडळात लपवाछपवी चालत नाही. काढा."

"सर, लपवलेलं बरं असतं. आतमध्ये ते लागतं."

"इंजिनिअर, जे लोकांना दाखवता येत नाही ते आत ठेवू नये. हे कॅलेंडरलाही लागू आहे. काढा."

मी काढलं. रकाना मोकळा केला, सेव्ह केलं, कलकत्ता गेलं. चिटणीस प्रसन्न झाले. मी बस पकडायला पळालो.

शनिवारी दुपारी जेवणाच्या आधी त्यांचा फोन आला. "इंजिनिअर, आपण किती वाजता येणार?"

"साडेसहाला सर. सहालाच येतो."

"आपल्या कॅलेंडरवर एक आहे."

"एक काय सर?"

"वेळ. दुपारी एक. लोक यायला लागलेत."

मी वेबसाइट उघडली. हौद, शनिवार, दुपारी एक. गाव काढून टाकल्यावर कॅलेंडर परदेशी घड्याळावर गेलं होतं, आणि ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं चालतं. मी लॅपटॉप मॅडमकडे वळवला. मॅडमनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि स्कूटरची किल्ली उचलली. "चल. हेल्मेट घाल."

आम्ही पोचलो तेव्हा चिटणीस दारातच उभे होते, एक हात कडीवर. मी आत बघितलं. सभागृह भरलं होतं. बाहेर नारायण पेठ शटर ओढून झोपायच्या तयारीत, आणि आत ही सगळी ज्येष्ठ मंडळी, छत्र्या पायाशी ठेवून, कुणी जेवण अर्धवट टाकून, ताठ बसलेली. दर शनिवारी साडेसहाला असणारा कार्यक्रम आज एकाला कसा, हे एकानंही फोन करून विचारलं नव्हतं. मंडळाला वेळ विचारायची म्हणजे मंडळावर अविश्वास दाखवायचा.

"सर, आपण त्यांना सांगू या," मी म्हटलं. "चूक झाली, साडेसहाला परत या."

"उन्हातून आलेत, इंजिनिअर. घोषित वेळेला आलेत. मंडळाची वेळ एका दिवसात दोनदा होत नाही."

"पण वक्ते?"

"फोन केला होता. झोपलेत. या वेळी झोपणारा माणूस शहाणा असतो, त्याला उठवू नये." त्यांनी घड्याळ बघितलं, कडी लावली आणि माझ्या दंडाला धरून मला व्यासपीठावर नेलं. "सभासदहो, आजचे वक्ते हे. विषय, एक वाजता का?"

एवढं बोलून ते खाली जाऊन बसले.

मी माइकसमोर उभा होतो. शाळेत एकदा भाषण पाठ करून विसरलो होतो, त्यानंतर हा प्रसंग. शेवटच्या रांगेत मॅडम हेल्मेट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तोंड उघडलं आणि जे यायचं तेच आलं. "त्यात असं हाय," मी म्हणालो आणि थांबलो.

पहिल्या रांगेत एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. त्यांना सगळे बाई म्हणत. त्या म्हणाल्या, "मोठ्यानं बोला हो. भाषा कुठलीही चालेल, आवाज हवा."

मग मी बोललो. आमच्या घरी बोलतो तसं बोललो. "ह्या कॅलेंडरच्या पोटात सगळ्या जगाच्या वेळा एकाच घड्याळानं ठेवलेल्या असतात. ते घड्याळ लंडनकडचं. आपण त्याला गाव सांगायचं, मग ते आपल्या गावाची वेळ काढून दाखवतं. कलकत्ता म्हंजी ते शहर न्हाय. सगळ्या देशाच्या घड्याळाला त्यांनी ते नाव दिलंय. पत्रावरचं गाव खोडलं तर पोस्टमन काय करंल? हेड ऑफिसला पाठवंल. तसं आपलं व्याख्यान हेड ऑफिसला गेलं. तिथं आता एक व्हायचाय, तवा आपल्याकडं साडेसहा वाजलेले असतील."

इतकी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि वाक्य संपलं तरी जरा थांबून होती.

मग मागून एका आजोबांनी हात वर केला. "त्या यादीत पुणे का नाही?"

"न्हाय ठेवलं त्यांनी. मोठ्या देशालाबी एकच नाव देत्यात कधी कधी."

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. "यादी कोण करतं?" "पत्ता आहे का त्यांचा?" "निषेध नोंदवला पाहिजे." प्रकरण हाताबाहेर चाललं होतं. तेवढ्यात त्याच आजोबांनी पुन्हा विचारलं, "मुंबई तरी आहे का?"

"न्हाय. मुंबईपण न्हाय."

"मग ठीक आहे," आजोबा म्हणाले आणि बसले. सगळं सभागृह निवांत झालं.

पण बाई निवांत झाल्या नव्हत्या. "हे समजलं," त्या म्हणाल्या. "उत्तम समजलं. आता एवढंच सांगा, कलकत्ता काढलं कुणी?"

मला मॅडमचं हेल्मेट दिसत होतं. पुढं हात वर करून मत द्यायचं होतं, आणि एवढ्या लोकांना दुपारच्या उन्हात काढणाऱ्या मुलाला कोण मत देणार? पण काढलं तर मीच होतं. "मी काढलं," मी म्हणालो.

चिटणीस उठले. बसल्या जागेवरून बोलले नाहीत, पुढं येऊन, लोकांकडे तोंड करून उभे राहिले. "हात यांचे होते, हट्ट माझा. हे मला दोनदा म्हणाले, लपवू या, काढू नका. मी ऐकलं नाही. श्रोते मंडळाचा चिटणीस, आणि मी ऐकलं नाही." ते थांबले. "माझं चुकलं."

नारायण पेठेत हे वाक्य फारसं वापरात नसावं, कारण बराच वेळ कुणालाच काय करावं ते सुचलं नाही. मग बाई म्हणाल्या, "परत म्हणा. मागे ऐकू गेलं नाही."

"माझं चुकलं," चिटणीस मोठ्यानं म्हणाले.

"आता गेलं," बाई म्हणाल्या आणि टाळ्या त्यांनीच सुरू केल्या.

मतदान लगेच झालं. हात वर गेले, जवळजवळ सगळेच. एक हात खाली होता, तो चिटणिसांचा. मी धसकलो. ते म्हणाले, "दोषी माणसाला मत नसतं," आणि वहीत 'मान्य' असं लिहून मोकळे झाले. मॅडम जाताना माझ्या खांद्यावर थोपटून एवढंच म्हणाल्या, "सोमवारी ये. कागदावर सही करायचीय." मी मान डोलावली.

चिटणिसांनी मला मात्र जाऊ दिलं नाही. आधी कलकत्ता परत बसवून घेतलं. ते पुन्हा वेळेखाली दिसायला लागलं तेव्हा मी विचारलं, "आता लपवू का सर?" ते म्हणाले, "राहू दे. पाहुणे आहेत."

साडेसहाला खरे वक्ते आले, नकाशांची गुंडाळी काखेत घेऊन. रिकामं सभागृह बघून म्हणाले, "लोक कुठायत?"

"येऊन गेले," चिटणीस म्हणाले. "कार्यक्रम चांगला झाला."

वक्ते रागानं लाल झाले. चिटणिसांनी त्यांना सगळं सांगितलं, स्वतःच्या हट्टासकट, आणि म्हणाले, "आम्ही दोघं आहोत. आपण आमच्यासाठी पूर्ण बोलावं अशी विनंती आहे." वक्ते घुश्श्यातच सुरू झाले आणि तिसऱ्या हौदाला विरघळले. चिटणीस गुडघ्यांवर हात ठेवून शेवटपर्यंत तसेच बसले होते, सभागृह गच्च भरलेलं असावं तसे. शेवटी त्यांनी उभं राहून दोन माणसांच्या टाळ्या वाजवल्या, म्हणजे त्यांच्या आणि माझ्या. त्या शनिवारच्या पानावर झालेले कार्यक्रम दोन आहेत. पहिल्यात वक्ता म्हणून माझं नाव आहे. नाव सगळ्यांत वर घ्या, मोठ्या टायपात, असं त्यांनी सांगितलं होतं. मी त्यांना त्यांचा नियम दाखवला, तेव्हा कुठं ते तळाशी गेलं.

सोमवारी सही झाली. मला त्यांना सांगायचं होतं, पण फोनवर निरोप थोडक्यात द्यावा लागला असता. म्हणून त्या रात्री खोलीवर बसून मी पत्र लिहिलं आणि सकाळी पेटीत टाकलं. ते असं होतं:

आदरणीय चिटणीस यांना,

साष्टांग नमस्कार.

मी आज कायम झालो. आईला फोन केला. तिनं विचारलं, कुणी केलं रं कायम? मी म्हणालो, एका माणसानं सगळ्यांसमोर स्वतःची चूक सांगितली म्हणून झालो. ती म्हणाली, साहेबलोक असं करत्यात व्हय? मी म्हणालो, एक जण करतो.

आमच्या घरात मी शिकलेला म्हणून सगळे माझ्याकडं कागद घेऊन येतात. वाचून दाखव म्हणतात, भरून दे म्हणतात. मी वाचतो, भरतो. पण माझं बोलणं ऐकायला कुणी समोर बसलं नव्हतं. शनिवारी बसले. ऑफिसात आता मी जरा मोठ्यानं बोलतो. आज शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, अरे, तुला आवाज आहे.

आपले उपकार कसे फेडायचे ते मला कळत नाही. वर्गणीचा फॉर्म घ्यायला शनिवारी येतो.

कळावे,
आपला नम्र

ता. क. माझे वडील टेम्पो चालवतात. महिनाअखेरीस मार्केट यार्डात माल घेऊन येणार आहेत आणि म्हणाले, तू जिथं बोललास ती जागा बघायचीय. त्यांनी विचारलं, तिथं माझ्यासारख्याला आत बसू देत्यात का? मी आपल्याला न विचारता हो म्हणून टाकलं आहे.